कडधान्याचा दाणा आणि विद्यार्थ्याचे संशोधन

शाळेत विज्ञान-प्रदर्शनाची सूचना लागली की पुष्कळ घरांतून एक ओळखीची धांदल सुरू होते. पुठ्ठा, रंग, तारा आणि लहान दिवे आणले जातात. थोरला भाऊ जोडणी करतो, आई अक्षरे कापून चिकटविते, वडील इंटरनेटवरून माहिती उतरवून घेतात, आणि ज्याच्या नावाने हे सर्व चाललेले असते तो विद्यार्थी आदल्या रात्री चार वाक्ये पाठ करतो. अलीकडे तर संपूर्ण प्रकल्पच दुकानात तयार मिळू लागला आहे. प्रदर्शनाच्या दिवशी ज्वालामुखीतून फेस येतो, पवनचक्की फिरते, कौतुक होते. परंतु परीक्षकाने सहज विचारले, ‘बाळ, तुला यातून काय शोधून काढावयाचे होते?’, तर मूल गोंधळून वडिलांच्या तोंडाकडे पाहू लागते.

प्रतिकृती तयार करणे वाईट नाही. हाताला वळण लागते, वस्तूची रचना समजते. तथापि प्रतिकृती आणि संशोधन यांत भेद आहे. ज्याचे उत्तर आरंभी आपणांस ठाऊक नाही असा एखादा प्रश्न घेऊन, तो पद्धतशीरपणे पडताळून पाहणे, याला संशोधन म्हणावयाचे. ते दहा वर्षांच्या मुलालाही करता येते, आणि त्यासाठी महागड्या उपकरणांची गरज असतेच असे नाही. १९९३ पासून देशभर भरत आलेल्या राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेची कल्पनाही हीच आहे की, दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातील एखादा खरा प्रश्न हाती घ्यावा.

असे संशोधन कसे योजावे व कसे तडीस न्यावे याचा विचार या वेळी करू. त्यासाठी बेंगळुरू येथे घडलेले, एका मराठी विद्यार्थिनीचे उदाहरण आपणांस फार उपयोगी पडेल.

बंगलोरची विद्यार्थिनी

कमला भागवत हे त्यांचे नाव. विवाहानंतर त्या डॉ. कमला सोहोनी म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. विदुषी दुर्गाबाई भागवत यांच्या त्या धाकट्या भगिनी. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे आरंभीच्या काळातील विद्यार्थी. जमशेटजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेला बेंगळुरूचे लोक आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. आपणही तेथेच संशोधन करावयाचे, हे कमलाबाईंनी मनाशी ठरविले होते.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्‌सी. पदवी उत्तम गुणांनी मिळवून त्यांनी प्रवेशासाठी अर्ज केला. त्याच वर्षी नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर चंद्रशेखर वेंकट रामन संस्थेचे संचालक झाले होते. अर्जदार स्त्री आहे, एवढ्याच कारणावरून त्यांनी प्रवेश नाकारला. कमलाबाई गप्प बसल्या नाहीत. त्या बंगलोरला गेल्या, रामन यांना समक्ष भेटल्या आणि नकाराचे सयुक्तिक कारण मागू लागल्या. अखेर त्यांना प्रवेश मिळाला, पण अटींवर: पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, वेळ पडल्यास रात्रीही, काम करावयाचे, आणि प्रयोगशाळेच्या वातावरणात आपल्यामुळे कोणताही व्यत्यय येऊ द्यावयाचा नाही. बरोबरीच्या मुलांना अशी कोणतीही अट नव्हती. हा अपमान आपण विसरू शकलो नाही, असे त्यांनी उतारवयातही स्पष्टपणे सांगितले.

मार्गदर्शक म्हणून त्यांना लाभले श्री. एम. श्रीनिवासय्या. हे गृहस्थ कामाच्या बाबतीत कडक, पण होतकरू विद्यार्थ्याला आपल्याजवळचे सर्व ज्ञान मोकळ्या हाताने देणारे होते. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळा आणि ग्रंथालय असा कमलाबाईंचा दिनक्रम असे. वर्षअखेर त्यांचे काम पाहून रामन यांनी त्यांना नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता दिली. १९३६ मध्ये तेथील संशोधनावर त्यांना मुंबई विद्यापीठाची एम.एस्‌सी. पदवी मिळाली.

येथवरची हकीकत पुष्कळांच्या वाचनात आली असेल. परंतु त्या काळात त्यांनी प्रयोगशाळेत नेमके काय केले, हे क्वचितच सांगितले जाते. आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते हेच.

प्रश्न लहान करावा

दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिने हा त्यांचा अभ्यासविषय होता. आपल्या देशातील कोट्यवधी माणसांच्या शरीराला लागणारे प्रथिन डाळी-उसळींतूनही मिळते. ‘डाळ ही किती पौष्टिक?’ हा प्रश्न म्हणून फार मोठा व महत्त्वाचा. पण इतका मोठा प्रश्न कोणालाही एका वेळी सोडविता येत नाही. त्याचे तुकडे करावे लागतात.

डाळीतील प्रथिन मोजावयाचे कसे? डेन्मार्कमधील रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये यासाठी एक पद्धत दिली. पदार्थ तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळून त्यातील नत्र अमोनियाच्या रूपाने वेगळे काढावयाचे आणि मोजावयाचे. प्रथिनात वजनाने सुमारे १६ टक्के नत्र असते. म्हणून मिळालेल्या नत्राला ६.२५ ने गुणिले की प्रथिनाचे प्रमाण निघते, असा हिशेब रूढ झाला. परंतु या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दाण्यातील सगळेच नत्र प्रथिनाचे असते, ही ती गोष्ट. वस्तुतः दाण्यात सुटी अमिनो आम्ले व इतर काही नत्रयुक्त द्रव्येही असतात. ती प्रथिने नव्हेत. पण मोजणीत त्यांचेही नत्र येते, आणि डाळ आहे त्याहून अधिक प्रथिनयुक्त ठरते.

कडधान्यांतील प्रथिनेतर नत्र याच विषयावर कमला भागवत आणि श्रीनिवासय्या यांचा निबंध १९३५ मध्ये इंग्लंडमधील ‘बायोकेमिकल जर्नल’ या नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रश्न कसा लहान होत गेला ते पाहावे. प्रथम आहार, मग आहारातील डाळ, मग डाळीतील प्रथिन, मग त्या प्रथिनाच्या मोजणीत मिसळणारे दुसरे नत्र. एवढा लहान झाल्यावर तो प्रयोगशाळेतील टेबलावर मावला, आणि त्याचे उत्तर मोजून देता आले. लहान झाला म्हणून तो क्षुल्लक मात्र झाला नाही. गरिबाच्या ताटातील वाटीभर आमटीशी त्याचा धागा शेवटपर्यंत कायम राहिला.

विद्यार्थ्याने प्रकल्प निवडताना नेमके हेच करावयाचे असते. ‘प्रदूषण’, ‘पाणी’, ‘आरोग्य’ हे प्रकल्पाचे विषय नव्हेत. ती प्रकरणांची नावे आहेत. ‘आमच्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात व उन्हाळ्यात सारखेच गढूळ असते काय?’ हा प्रश्न झाला. कसोटी सोपी आहे. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता यावे, आणि त्याचे उत्तर मोजून किंवा गणना करून मिळावे.

घरात करता येण्याजोगा एक प्रयोग

केल्डालची पद्धत घरी करावयाची नाही, हे सांगावयास नकोच. तीव्र आम्लाचे काम जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखाली आणि प्रयोगशाळेतच व्हावे. पण कडधान्याचा दाणा प्रत्येक स्वयंपाकघरात आहे, आणि त्याला विचारण्याजोगे प्रश्नही पुष्कळ आहेत. उदाहरणादाखल एक घेऊ: मटकी किती तास पाण्यात भिजविली असता सर्वांत अधिक दाण्यांना मोड येतात?

घरोघरी याची उत्तरे ठरलेली असतात. कोणी रात्रभर म्हणते, कोणी आठ तास म्हणते. परंतु ते मोजून पाहिलेले असते काय? येथपासून संशोधन सुरू होते.

प्रथम आपला अंदाज वहीत लिहावा आणि त्याचे कारणही लिहावे. बीजाला रुजण्यासाठी पाणी लागते तशी हवाही लागते. फार वेळ बुडून राहिल्यास दाण्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. म्हणून अति भिजविलेल्या मटकीला मोड कमी येतील, असा एखादा तर्क विद्यार्थी करू शकेल. अंदाज चुकला तरी चालतो. मात्र तो प्रयोगाआधी लिहिलेला असला पाहिजे. नाही तर निकाल पाहिल्यावर ‘मला हेच वाटले होते’ असे म्हणण्याचा मोह होतो.

त्यानंतर योजना. एकाच पुडीतील मटकी घेऊन फुटके व किडके दाणे काढून टाकावे. चार सारख्या वाट्यांत प्रत्येकी १०० दाणे मोजून घालावे. चारही वाट्यांत सारखेच पाणी एकाच वेळी घालावे. समजा शनिवारी सकाळी ६ वाजता पाणी घातले, तर पहिल्या वाटीतील पाणी १० वाजता, दुसरीतील दुपारी २ वाजता, तिसरीतील सायंकाळी ६ वाजता आणि चौथीतील रविवारी सकाळी ६ वाजता काढावे. म्हणजे दाणे अनुक्रमे ४, ८, १२ आणि २४ तास भिजले. निथळलेले दाणे एकसारख्या ओल्या फडक्यात बांधून एकाच जागी ठेवावे.

आता मोड केव्हा मोजावयाचे? येथे एक खोच आहे. निथळल्यापासून २४ तासांनी मोजावे असे सहज वाटते. पण तसे केल्यास पहिल्या वाटीतील दाण्यांना पाणी लागल्यापासून २८ तास मिळतात आणि चौथीतील दाण्यांना ४८. मग चौथीत मोड अधिक आले, तर ते अधिक भिजल्यामुळे की अधिक वेळ मिळाल्यामुळे, हे कसे कळणार? म्हणून चारही वाट्यांची मोजणी एकाच वेळी, सोमवारी सकाळी ६ वाजता, पाणी लागल्यापासून बरोबर ४८ तासांनी करावी. बदलावयाची ती गोष्ट एकच, बाकीच्या सर्व सारख्या. प्रयोगातील न्याय तो हाच.

मोड कशाला म्हणावयाचे हेही आधीच ठरवावे. अंकुर निदान दोन मिलिमीटर बाहेर आला असेल तरच मोड धरावा, असा काही नियम वहीत नोंदवून ठेवावा. काही दाणे कितीही भिजविले तरी टणकच राहतात. त्यांना आपल्या स्वयंपाकघरात गणंग म्हणतात. त्यांच्या सालीतून पाणी आत शिरत नाही. असे दाणे गुपचूप फेकून न देता त्यांची संख्या निराळी लिहावी. त्या वेगळ्या रकान्यातूनच पुढील वर्षाचा प्रकल्प निघण्याचा संभव आहे.

आणि हे सर्व एकदा करून भागत नाही. हाच प्रयोग लागोपाठ तीन आठवडे करावा. प्रत्येक वेळी खोलीचे तापमान नोंदवावे, कारण मोड येणे उष्णतेवर फार अवलंबून असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असलेल्या बेंगळुरूच्या थंड हवेत मिळालेले उत्तर नागपूरच्या उन्हाळ्यात लागू पडेलच असे नाही. हे अंक निरनिराळ्या प्रांतांतील वाचकांच्या हाती जातात. दोन गावांतील मावसभावंडांनी किंवा मित्रांनी एकाच दिवशी हा प्रयोग करून पत्राने वा फोनने आकडे ताडून पाहिले, तर त्याहून चांगला प्रकल्प कोणता? प्रयोगातील मोड मात्र खाऊ नयेत. बराच काळ ओलीत राहिलेल्या दाण्यांवर बुरशी व जंतू वाढू शकतात.

वही हाच खरा प्रकल्प

संशोधनाची वही आणि शाळेतील नीटनेटकी वही या दोन निराळ्या गोष्टी आहेत. संशोधनाच्या वहीत दिनांक, वेळ, काय केले, काय दिसले आणि काय बिघडले हे सर्व त्याच वेळी लिहावयाचे असते. लिहिलेला आकडा खोडावा लागला तर त्यावर एक सरळ रेघ ओढावी, म्हणजे जुना आकडाही वाचता येतो. तो रबराने पुसू नये आणि पान फाडू नये. ‘दुपारी दोनऐवजी पावणेतीनला पाणी काढले, क्लासहून यावयास उशीर झाला’ असे एक वाक्य प्रामाणिकपणे लिहिलेले असेल, तर त्या वहीवर जाणता परीक्षक रंगीत तक्त्यांपेक्षा अधिक विश्वास ठेवील.

निष्कर्ष काढताना घाई नसावी. समजा, आठ तास भिजविलेल्या १०० दाण्यांपैकी तीन आठवड्यांत अनुक्रमे ८८, ९३ व ९० दाण्यांना मोड आले, आणि बारा तास भिजविलेल्यांपैकी ९१, ८९ व ९२ दाण्यांना. सरासरी ९०.३ आणि ९०.७ येते. मग बारा तास श्रेष्ठ असे म्हणावे काय? म्हणू नये. एकाच वाटीचे आकडे आठवड्यागणिक ८८ पासून ९३ पर्यंत हलत असताना, दोन वाट्यांमधील अर्ध्या दाण्याहूनही कमी असलेल्या फरकाला अर्थ नाही. ‘आठ व बारा तासांत आम्हांस फरक आढळला नाही’ हाही निष्कर्षच आहे, आणि तो लिहावयास संकोच वाटण्याचे कारण नाही. आकडे अंदाजाशी जुळावेत म्हणून हलकेच बदलणे ही मात्र अशी सवय आहे की, ती लहानपणी लागली तर पुढे सुटत नाही.

लेखनाची जाडी म्हणजे त्याची योग्यता, हा दुसरा गैरसमज. बंगलोरनंतर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतील श्वसनक्रियेत सायटोक्रोम-सी या द्रव्याचा भाग असतो, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. आणि त्याचा आरंभ बटाट्यावरील कामातून झाला होता. १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. हा प्रबंध अवघ्या ४० पानांचा होता. शाळकरी प्रकल्पाला दहा पाने पुष्कळ झाली: प्रश्न, अंदाज, पद्धत, आकड्यांचा तक्ता, एक आलेख, निष्कर्ष, आणि राहून गेलेल्या शंका.

घरच्या माणसांचा वाटा

मग आई-वडिलांनी काहीच करू नये काय? पुष्कळ करावे. श्रीनिवासय्या यांनी कमलाबाईंचे प्रयोग स्वतः करून दिले नाहीत. पण कोणते ग्रंथ वाचावे हे सांगितले, काम काटेकोर करवून घेतले आणि विद्यार्थिनीवर विश्वास ठेवला. पालकांचे काम याच जातीचे आहे. आठवड्याच्या बाजारातून मटकी आणून द्यावी, चार वाट्या तीन दिवस कोणी हलविणार नाही याची हमी द्यावी, गरम वस्तू व सुऱ्या यांवर लक्ष ठेवावे, आणि दररोज एकच प्रश्न विचारावा: ‘आज काय दिसले?’ दाणे मात्र मुलाने मोजावे. त्याने ९७ मोजले आणि आपणांस ९८ दिसले, तर ‘पुन्हा एकदा मोजून पाहा’ एवढेच म्हणावे.

वेळापत्रक घरी बसून मुलाबरोबर आखावे. सहा आठवडे पुरतात. पहिल्या आठवड्यात प्रश्न निवडणे, शिक्षकांशी बोलणे आणि वाचन, दुसऱ्यात एक कच्चा प्रयोग, कारण योजनेतील चुका तेव्हाच ध्यानात येतात, तिसऱ्या, चौथ्या व पाचव्यात प्रत्यक्ष प्रयोग, सहाव्यात लेखन. प्रदर्शनाच्या आदल्या रात्री आरंभ करणाऱ्या घराला पुठ्ठ्याच्या ज्वालामुखीवाचून गती नाही, हे यावरून लक्षात येईल.

आणखी एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांनी पाहावयाची आहे. प्रयोगाच्या दिवशी भावाला टेबल मोकळे करून द्यावयाचे आणि बहिणीने पाहुण्यांचा चहा आटोपून मग वही उघडावयाची, असे आजही कित्येक सुशिक्षित घरांत घडते. रात्रीही काम करण्याची अट १९३३ मध्ये एका संस्थेने एका मुलीला घातली होती. ती आपल्या घरात निराळ्या नावाने चालू तर नाही ना, हे प्रत्येकाने पाहावे. कमलाबाईंच्या घरी वडील आणि चुलते मुलीच्या पाठीशी होते. त्या मोठ्या झाल्या त्यात या पाठिंब्याचा भाग लहान नाही.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी स्वतःच्या विद्यार्थ्यांकडून कडधान्यांतील प्रथिने, नीरा अशा रोजच्या आहारातील पदार्थांवर संशोधन करवून घेतले. नीरेचे काम राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून हाती घेतले होते. निवृत्तीनंतरही त्या ग्राहकांच्या संघटनेत राहून खाद्यपदार्थांतील भेसळीविषयी लिहीत राहिल्या, आणि मुलांसाठी त्यांनी मराठीत विज्ञानाची पुस्तके लिहिली. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. बंगलोरला कडधान्याच्या दाण्यापासून सुरू झालेला विचार त्यांनी अखेरपर्यंत ताटाशीच जोडून ठेवला.

आपल्या घरी या वर्षी प्रकल्प करावयाचा असेल, तर दुकानात जाण्यापूर्वी मुलाला किंवा मुलीला स्वयंपाकघरात, अंगणात किंवा गच्चीवर घेऊन बसावे आणि तिला कशाचे नवल वाटते ते विचारावे. ती पाच-सहा प्रश्न सांगेल. त्यांतील मोजता येण्याजोगा एक निवडावा, तिच्याच अक्षरांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यावा, आणि त्याखाली त्या दिवसाचा दिनांक घालावा.